मिक्सरला अकरा रात्री, जमिनीला चाळीस मिनिटं

कोरडवाहू (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. सोबत थोडी कानउघाडणी झाली तरी चालेल.

गेल्या महिन्यात घरचा मिक्सर जळला. नवा घ्यायचा म्हणून मी अकरा रात्री जागलो. सहा मॉडेलं, वॅट, जारची जाडी, मोटरची वॉरंटी, सगळं वहीत मांडलं. एक तारा देणाऱ्यांचे अभिप्राय आधी वाचायचे हा माझा नेम. कुणा गृहस्थाने 'ओलं खोबरं नीट वाटलं जात नाही' असं लिहिलं म्हणून जवळजवळ पक्कं केलेलं मॉडेल सोडून दिलं. शेवटी ४,२०० रुपयांचा मिक्सर मागवला.

त्याच महिन्यात एका रविवारी साडूंनी गाडीत घातलं आणि भोर तालुक्यात एक जमीन दाखवायला नेलं. त्यांच्या ओळखीतले एक एजंट सोबत होते. मागे डोंगर, खाली ओढा, दोन मोठ्या जांभळी. ११ गुंठ्यांचा तुकडा, गुंठ्याला दीड लाख. परतताना एका हॉटेलात मिसळ खाल्ली आणि बिल यायच्या आत मी ५१ हजार रुपये विसार म्हणून मोबाइलवरून पाठवून मोकळा झालो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर पावती मिळाली. जमीन बघण्यापासून पैसे जाईपर्यंत धरून चाळीस मिनिटं!

सातबारा मी मागितलाच नाही. खरं सांगायचं तर जिभेवर आला होता. पण साडू समोर बसलेले, एजंट त्यांना 'दादा दादा' करतोय, आणि अशा वेळी कागद मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. मिक्सरवाल्याची मला भीड नव्हती हो.

आता काय काय बघू? माहितीपत्रकात एवढंच आहे: पाच एकरांचा एकच गट, त्यात ११ गुंठ्यांचे १८ फार्महाऊस प्लॉट, तीस फुटी अंतर्गत रस्ते, 'सामाईक सातबारा करून मिळेल'.

अनुस्वार

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचेन.

पावती_सांभाळा

भीड हा शब्द अगदी नेमका पकडलात. मी बँकेत ३४ वर्षं काढली. कर्ज बुडवणाऱ्या अनोळखी माणसांपेक्षा जामीन राहून बुडालेले मेव्हणे मी जास्त पाहिले.

ऑनलाइन खरेदीत सावध असल्याचा अभिमान मात्र बाळगू नका. मागच्या दिवाळीत मी मोबाइल मागवला, खोक्यात धुण्याच्या साबणाच्या वड्या निघाल्या. (साबण चांगला होता, ते जाऊ दे.) पैसे परत मिळाले ते एकाच गोष्टीमुळे. पार्सलवरचा पत्त्याचा कागद, चिकटपट्टी, मग कापणं, मग आतला माल, असं सलग न तोडता मुलीने चित्रण केलं होतं. मधेच सुरू केलेलं चित्रण ते लोक मानत नाहीत. तरी सतरा दिवस लागलेच. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तेव्हा चाक फिरलं.

दुसरं, तक्रार करायला सर्च करून मिळालेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर कधीही फोन करू नये. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी केला. समोरच्याने 'रिफंड पाठवतो, पिन टाका' म्हटलं आणि काकांनी टाकला. अहो, पैसे यायला पिन लागतच नाही, तो जायलाच लागतो! पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. 'उद्या बँकेत जाऊन बघतो' म्हणणाऱ्याचे पैसे तोवर चार खाती फिरलेले असतात.

माधुरी_ठाणे

+१. माझ्याकडून एक भर. 'फक्त २ शिल्लक, १४ जण आत्ता बघत आहेत' या पाट्यांना भुलू नका. खोटी घाई लावणं, शेवटच्या पायरीवर हळूच शुल्क वाढवणं, न मागता बास्केटमध्ये विमा टाकणं, असे १३ प्रकार केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'डार्क पॅटर्न' म्हणून बंद केलेत. बंद म्हणजे कागदावर. मी अजून दर वेळी ती विम्याची खूण काढते.

आणि कोरडवाहू, 'दोनच प्लॉट उरलेत' असं तुमच्या एजंटने सांगितलं होतं का?

कोरडवाहू

एकच उरलाय असं सांगितलं होतं. 🙏

गणित_चुकलं

थांबा. माहितीपत्रक परत वाचलं. पाच एकर म्हणजे २०० गुंठे. १८ गुणिले ११ म्हणजे १९८. उरले दोन गुंठे. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, दोनाचे झाले २,१७८. तीस फूट रुंदीचा रस्ता केला तर त्याची लांबी भरते साधारण ७२ फूट. १८ प्लॉटांना मिळून ७२ फूट रस्ता! एका बसच्या मागे दुसरी बस उभी केली की रस्ता संपला. आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, अजून धरलेलीच नाही. तुमचा तो ओढा कुणाच्या वाट्याला आलाय?

अनुस्वार

😂 रुमाल उचलला, आता इथेच बसतो.

मसुदा

मी तालुका कोर्टात वकिली करतो. धागाकर्त्यांच्या केसवर सल्ला देत नाही, कागद पाहिलेले नाहीत. पण माहितीपत्रकातला एक शब्द मला झोपू देणार नाही, तो म्हणजे 'सामाईक'.

तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे रोखणारा, कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे लहानात लहान तुकडा, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. पुढे काही भागांत सवलती जाहीर झाल्या आहेत, तुमचा गट त्यांत बसतो का ते तहसीलमध्ये विचारा. नसेल बसत आणि जमीन जिरायत असेल, तर ११ गुंठ्यांचा वेगळा तुकडा करून विकता येत नाही. मग एजंट पळवाट काढतो. अख्ख्या गटात तुम्हाला अविभक्त, म्हणजे न वाटलेला, हिस्सा देतो आणि सातबाऱ्यावर १८ नावं एकाखाली एक लावतो. कागदावर तुम्ही पाच एकरांचे अठरावे भागीदार, जमिनीवर मात्र 'हा तुमचा प्लॉट' म्हणून चुन्याची रेघ. उद्या तुमच्या रेघेत दुसऱ्या कुणी खांब रोवले तर तुम्ही काय दाखवणार? सरकारी मोजणी लावायची तर ती गटाची होते, चुन्याच्या रेघेची नाही. कर्ज काढायला, विकायला, बांधकामाला, प्रत्येक वेळी बाकीचे सतरा जण आठवतील.

आता कागद. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा फुकट दिसतो, पण तो माहितीपुरता. डिजिटल सहीचा घ्या, १५ रुपये लागतात. सगळ्यात वर भूधारणा पद्धती बघा. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर एक काळजी मिटली. 'वर्ग २' असेल तर बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. कुळाला कायद्याने मिळालेली जमीन असेल तर कुळकायद्याचं कलम ४३ आडवं येतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा भरून ती विकता येते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ, आणि तिथे हात लावू नका.

मग 'इतर अधिकार' किंवा 'इतर हक्क' हा रकाना. लोक मालकाचं नाव वाचतात आणि कागद घडी घालतात. खरी गोष्ट त्या शेजारच्या रकान्यात असते: सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळ, विहिरीतला हिस्सा, वारसांची नावं. आणि गावात 'सातबारा कोरा आहे' असं अभिमानाने सांगतात ना, तेव्हा तो कोरा कधीपासून झाला आणि कसा झाला हे विचारा. प्रत्येक बदलाच्या नोंदीचा, म्हणजे फेरफाराचा, क्रमांक सातबाऱ्यावरच असतो. ते सगळे फेरफार काढा. जुने हस्तलिखित 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात.

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, महसुली नोंद आहे. मालकी दस्तात असते. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून ३० वर्षांचा सर्च करून घ्यायचा, सूची दोनसह, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीसह.

बांधकरी

वकीलसाहेब कागदाचं बोलले, मी मातीचं बोलतो. मी शेतकरी, गाव वाईजवळ.

दादा, जमीन जुलैत बघायची. मे महिन्यात सगळ्याच वाटा रस्ते असत्यात. पाऊस लागला की कळतं कुठली वाट कुणाच्या बांधावरनं जाते आणि कोण काठी घेऊन उभा राहतो. गाव नकाशात तुटक रेघांची गाडीवाट आहे का बघा. नसंल तर मग महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं रस्ता मागत बसा. मिळतो, पण तोवर पोरं मोठी होत्यात.

एजंटाबरोबर एकदा गेलात, आता एकटे जा. मोटरसायकल लांब लावा, बांधावर गवत कापणाऱ्याला तंबाखू द्या आणि विचारा, 'पाव्हणं, हे रान कुणाचं?' तो सांगंल ते कुठल्या उताऱ्यावर नसतं. आमच्याकडं एकानं असंच रान घेतलं, खरेदीखत पक्कं, सगळं पक्कं. पहिल्या पावसात वरच्या पाच शेतांचं पाणी त्याच्या रानातनं ओढ्याला गेलं. गावात पोरासोरास्नी माहीत होतं, त्याला कुणी सांगितलंच नाही, कारण त्यानं कुणाला विचारलंच नाही.

आणि एक, रागावू नका. तुम्ही शेतकरी आहात ना कागदावर?

कोरडवाहू

वडिलांच्या नावे कोरेगाव तालुक्यात सव्वा एकर आहे, आयडी त्यावरूनच घेतलाय. पण एजंट म्हणाला होता की नसेल तरी 'दाखला काढून देतो, पंधरा हजार लागतील'.

मसुदा

पळा. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि बनावट दाखल्यावर झालेली खरेदी पुढे ८४क मध्ये अडकते, जमीन सरकारजमा होऊ शकते. तुम्हाला दाखल्याची गरज नाही हे ठीक, पण उरलेल्या सतरा जणांत कुणी पंधरा हजार दिलेले असतील, आणि सातबारा तर तुमचा 'सामाईक'!

न्यूजर्सीचा_नाना

आम्हा परदेशस्थांचं वेगळंच. इथल्या मंडळात दर गणपतीला कुणीतरी कोकणात वाडी घेतल्याचं सांगतो. अनिवासी भारतीयांना शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. फ्लॅट, दुकान घेता येतं. हे सांगितलं की लोक म्हणतात, 'भावाच्या नावावर घेतली आहे.' बरं, मग ती भावाची आहे. पुढचं मी गणपतीपुढे बोलत नाही.

मीही सज्जन नव्हे. २०१० च्या सुमारास पुण्याजवळ एक प्लॉट फक्त कुलमुखत्यारपत्रावर 'घेतला'. लिहून देणारा म्हणाला, खरेदीखताचा खर्च वाचेल. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचा सूरज लॅम्पचा निकाल आला: मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांच्या जुडीने मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीखतच हवं. माझ्याकडे आज एक सुंदर लॅमिनेट केलेला कागद आहे.

गोंयकार_बाब

आमच्याकडे सातबारा नाही, फॉर्म १ व १४. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता सहसा दोघांची सामाईक धरतात, त्यामुळे नवरा एकटा विकतो म्हणाला तरी बायकोची सही लागते, आणि तिची विकतानाही त्याची. बाहेरून येणारे घर बघतात, समुद्र किती मिनिटांवर ते बघतात आणि विकणाऱ्याच्या भावांच्या बायका कुठे आहेत हे विचारत नाहीत. त्यातली एक पोर्तुगालमध्ये असते! कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीची, जमीन असेल तर आणखी वेगळी कथा. आणि भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्याने ती शेतकऱ्यालाच विकता येते, 'नंतर कन्व्हर्ट करू' हे गाणं ऐकून घ्यायचं आणि घरी यायचं.

माधुरी_ठाणे

फ्लॅटवाल्यांसाठी थोडक्यात. महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या सरकारी नियामकाचा, नंबर टाकून प्रकल्पाचं पान उघडा, ताबा कोणत्या तारखेला कबूल केलाय आणि ती किती वेळा पुढे ढकललीय ते तिथे दिसतं. जाहिरातीवर २०२३ पासून क्यूआर कोड असावा लागतो. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, तो मागणंच कायद्यात बसत नाही. मी २५ टक्के दिले होते, कारण बिल्डरच्या ऑफिसातल्या बाई माझ्याच शाळेतल्या निघाल्या. पुन्हा तीच भीड! पैसे सुटायला तीन वर्षं लागली. शाळेच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले ते वेगळंच.

५०० चौरस मीटरच्या वरच्या जमिनीत प्लॉट पाडून विकण्याचा प्रकल्पही महारेरात नोंदवावा लागतो. 'ही शेतजमीन आहे, इथे रेरा लागत नाही' असं सांगत असतील तर त्याचा अर्थ एवढाच की रेराचं संरक्षणही नाही.

जुनी_वही

मी पार्ल्याची, वय ७४. सगळं वाचते आहे. तुमच्या भिडेवर आम्ही एक उपाय काढला होता, म्हणजे आम्ही नाही, मुंबई ग्राहक पंचायतीने, १९७५ मध्ये. दहा-बारा घरांचा एक संघ. महिन्याची यादी भरायची, माल पंचायत एकत्र खरेदी करणार आणि संघातल्या एका घरी उतरणार. आमच्या घरी वाटप असलं की तूरडाळीच्या वासाने जिना भरून जायचा. डाळीत खडा निघाला तर तक्रार एकटीने नाही, सगळ्यांच्या वतीने. एकटी बाई दुकानदाराला 'वजनकाटा दाखवा' म्हणायला लाजायची, तीच संघाची म्हणून गेली की टेबलावर बोट आपटायची. स्वतःसाठी मागायला लाज वाटते, दहा घरांसाठी वाटत नाही.

कोरडवाहू, तुम्ही सतरा लोकांशी बोललात का? त्या माहितीपत्रकातल्या उरलेल्या सतरांशी? आधी ते खरे आहेत का ते बघा.

सराफकट्टा

आज्जी, दंडवत.

सोन्याचं दोन ओळींत लिहून पळतो. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. बांगडीवरचा नंबर टाकल्यावर ॲपमध्ये 'अंगठी' आली तर बिल करायच्या आधी दुकानातच विचारा, घरी येऊन नाही. ९१६ म्हणजे २२ कॅरेट. बिलात सोन्याचा भाव, वजन, घडणावळ, खड्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. आमच्या धंद्यात 'घरचं दुकान' असलेली गिऱ्हाइकं बिल मागत नाहीत. पुढचं तुम्ही समजून घ्या.

शेजारधर्म

जरा उलट बोलतो. सगळेच इतके संशयी झालो तर व्यवहार व्हायचे कसे? माझ्या आजोबांनी नुसत्या शब्दावर विहीर घेतली, साठ वर्षं पाणी पितोय. एजंट वाईट, बिल्डर वाईट, दुकानदार वाईट, मग चांगलं कोण?

मसुदा

तुमच्या आजोबांना विकणारा त्याच गावात मरेपर्यंत राहणार होता. फसवलं असतं तर रोज पारावर तोंड दाखवायचं होतं. शब्दाला तारण होतं, त्याची इज्जत. कोरडवाहूंचा एजंट पुढच्या वर्षी कुठल्या तालुक्यात असेल?

शेजारधर्म

हे पटलं. पूर्ण नाही, पण पटलं.

कोरडवाहू

अपडेट. १५ रुपये भरून सातबारा काढला. वर्ग १, बोजा नाही, मालक दोन भाऊ. जमीन जिरायत. मी खूश झालो होतो. मग मसुदा यांच्या सांगण्याप्रमाणे जुने फेरफार काढले. एका जुन्या फेरफारात वडिलांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं काहीतरी आहे. त्यानंतरच्या वारस नोंदीत भोगवटादार म्हणून दोन भाऊ आणि इतर हक्कात तीन बायकांची नावं. नंतरच्या एका फेरफाराने ती तीन नावं कमी झाली आहेत, शेरा 'वर्दी जबाबाप्रमाणे हक्क सोडल्याने'. याचा अर्थ काय?

मसुदा

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन त्यांच्या नावावर, पण एकट्यांची नाही. त्या तीन बायका विकणाऱ्या भावांच्या बहिणी असणार. वारस नोंदीत भाऊ भोगवटादाराच्या रकान्यात आणि बहिणी 'इतर हक्कात' टाकायची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. रकाना बदलला म्हणून हक्क बदलत नाही. १९५६ च्या कायद्याने मुलगी वारस आहेच, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत ती जन्माने भागीदार आहे.

हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यापुढे दिलेल्या वर्दी-जबाबावर फेरफार होतो, पण हक्क जात नाही. सूची दोनमध्ये हक्कसोडपत्र सापडतंय का बघा. नसेल तर त्या तिघींच्या सह्या खरेदीखतावर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. अर्थात सूचना कोण वाचतं ते मला विचारू नका.

पारिजात

या संकेतस्थळावर सात वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते.

मी अशीच एक 'इतर हक्कातली' बहीण. नाशिकला असते. वडील १९९८ मध्ये गेले. एका भाऊबीजेला ओवाळून झालं, ताटात पाचशेची नोट पडली आणि ताट उचललं तर खाली कागद होते. भाऊ म्हणाला, 'कर्जप्रकरण आहे, सही लागते.' मी बी.कॉम. आहे. वाचता येतं मला. पण हातात निरांजन होतं, वहिनी करंज्या तळत होती, आणि त्या क्षणी कागद वाचायला बसणं म्हणजे काय झालं असतं ते इथल्या बायकांना सांगायला नको. केली सही. तुम्ही जी भीड म्हणताय ती आमच्याकडे तुमच्या आधीपासून आहे.

पुढे काही वर्षांनी एक अनोळखी माणूस पत्ता शोधत घरी आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आमच्या गटाचे सगळे फेरफार. म्हणाला, 'तुमचे भाऊ जमीन विकत आहेत, मी घेणारा आहे, तुम्हाला हे माहीत आहे का?' मला माहीत नव्हतं. तो काही देवमाणूस नव्हता. त्याच्या वकिलाने पाठवलं होतं, आणि माझ्या सहीशिवाय त्याचे पैसे अडकले असते म्हणून आला होता. पण वडील गेल्यापासून त्या जमिनीबद्दल मला काही विचारणारा तो पहिलाच.

दोन वर्षं मी माहेरी गेले नाही. शेवटी खरेदीखतावर पाच सह्या झाल्या आणि पैसे पाच खात्यांत गेले. माझ्या वाट्यातून मी काय घेतलं ते सांगत नाही, हसाल.

कोरडवाहू, जाहीर सूचनेच्या भरवशावर राहू नका. आमच्या घरी तो पेपर येत नाही.

जुनी_वही

पारिजात, काय घेतलंस ते सांग. नाही हसणार.

पारिजात

स्कूटर. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी शिकले. 🙂

अनुस्वार

वाचनखूण साठवली. आणि आईला फोन केला, मामाच्या सातबाऱ्यावर तिचं नाव कुठल्या रकान्यात आहे विचारायला. 'कशाला रे आता' म्हणाली. काढतोच पंधरा रुपयांत.

कोरडवाहू

शेवटचं अपडेट, उशिराबद्दल क्षमस्व.

सूची दोनमध्ये हक्कसोडपत्र नाही. तिघींपैकी थोरल्या बहिणीचं सासर बांधकरींच्याच बाजूला निघालं, त्यांच्याकडूनच घर सापडलं. (बांधकरी, चहाबद्दल आभार. तंबाखूचा सल्लाही लागू पडला. ओढ्याकाठच्या गड्याने सांगितलं की तीस फुटी रस्त्याच्या जागी दर पावसाळ्यात वाफ्यासारखं पाणी साचतं.)

बाई सत्तरीच्या. मी कागद पुढे ठेवले. त्यांना विक्रीचं काहीही ठाऊक नव्हतं. बराच वेळ गप्प होत्या, मग विचारलं, 'दोन जांभळी आहेत का अजून? आईनं लावलेल्या.' मी आहेत म्हणालो. माहितीपत्रकातल्या नकाशात त्या जागी सात नंबरचा प्लॉट आहे हे सांगायचं धाडस झालं नाही. निघताना त्यांनी माझ्याकडून तिन्ही फेरफारांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या आणि धाकट्या दोघींना फोन लावायला नातवाला हाक मारली.

एजंटाला मी सांगितलं की तिन्ही बहिणी सही करणार असतील आणि माझा तुकडा मोजून, कायद्यात बसेल असा वेगळा मिळणार असेल तर बोलू. तो म्हणाला, 'साहेब, तुम्ही फारच शिकलेले आहात.' विसाराच्या ५१ हजारांपैकी ५० परत आले. एक हजार 'डिझेल खर्च' म्हणून कापले. मसुदा म्हणतील भांडा, पण मला त्यात स्वस्तात सुटल्यासारखं वाटतंय. साडू तीन आठवडे बोलत नव्हते. काल त्यांचाच फोन आला, 'अरे, त्या पावतीचा फोटो पाठव ना जरा.' त्यांनी पाच नंबरच्या प्लॉटसाठी दोन लाख दिलेत, हे मला आजवर सांगितलंच नव्हतं.

आणि मिक्सर. चटणीच्या जारचं झाकण पहिल्या दिवसापासून गळतंय. बदलून घ्यायची मुदत सात दिवसांची होती. त्या सातपैकी चार दिवस मी तहसीलच्या अभिलेख कक्षाबाहेर बाकावर बसलो होतो.

गणित_चुकलं

झाकणाखाली रबराची रिंग उलटी बसली असेल. काढून पालथी घालून बघा.

कोरडवाहू

बसली.